आगाता म्हणजे चांगली

कुणी रानातून आत्ताच आली असेल, कुणी भाकरी टाकता टाकता ऐकत असेल, कुणी गटाच्या बैठकीत मधोमध रेडिओ ठेवून बसली असेल.

आज मी तुम्हाला एका नावाची गोष्ट सांगणार आहे. नाव आहे आगाता स्मेराल्दा. इटली देशात फ्लॉरेन्स नावाचं शहर आहे, तिथल्या एका तान्ह्या मुलीचं हे नाव. ५ फेब्रुवारी १४४५ या दिवशी ती एका नव्याने सुरू झालेल्या अनाथालयात आली. त्या घरात आलेलं ते पहिलंच मूल. तिथल्या वहीत तिची नोंद झाली, आणि त्या घराच्या जुन्या वह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगते. तेव्हा आपल्याकडे बहामनी सुलतानांचं राज्य होतं, आणि शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून १८५ वर्षं होती.

आपल्या गटाच्या वहीत आपण नाव लिहितो, समोर बचत लिहितो, सही घेतो. वहीत नाव लागलं की बाई गटाची झाली. या मुलीचंही तसंच झालं. म्हणून आज बघू या की हे नाव आलं कुठून, त्याचा अर्थ काय, आणि टाकून दिलेल्या लेकराला ते का मिळालं.

आधी अर्थ बघू. आगाता हे इटलीतलं जुनं नाव असलं तरी मूळ शब्द ग्रीक भाषेतला आहे. ग्रीक भाषेत 'अगाथॉस' म्हणजे चांगला, आणि 'अगाथे' म्हणजे चांगली. इथे दिसण्याचा संबंध नाही. मनाने आणि वागणुकीने चांगली, असा त्याचा अर्थ. आपण म्हणतो ना, 'बाई लई चांगली आहे हो', तशी.

मग ग्रीक शब्द इटलीत कसा आला? इटलीच्या दक्षिण टोकाला सिसिली नावाचं मोठं बेट आहे. तिथे सुमारे २७०० वर्षांपूर्वी ग्रीक लोक गलबतांनी येऊन राहिले आणि त्यांनी गावं वसवली. त्यातलंच एक कातानिया, एटना या ज्वालामुखीच्या पायथ्याशी. पुढे रोमन लोकांचं राज्य आलं, तरी बेटावर ग्रीक बोलणं आणि ग्रीक नावं टिकून राहिली. लग्न होऊन सासरी गेलेल्या बाईची माहेरची बोली टिकते तशी.

इटालियन बोलण्यात 'थ' नाही, म्हणून अगाथाचं आगाता झालं. फ्रान्समध्ये तेच आगात झालं, स्पेन आणि पोर्तुगालमध्ये आगेदा. इंग्लंडमध्ये 'थ' तसाच राहिला. रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्ती यांचं नाव तुमच्यातल्या वाचणाऱ्या मुलींना माहीत असेल. त्यांचं नाव आणि आपल्या या तान्ह्या मुलीचं नाव एकच.

आता दुसरा शब्द, स्मेराल्दा. त्याचा अर्थ पाचू, हिरवं रत्न. हाही ग्रीक भाषेतून आला. ग्रीक लोक पाचूला 'स्माराग्दॉस' म्हणत. आपल्या संस्कृतात पाचूला मरकत म्हणतात. भाषांचे जाणकार हे दोन शब्द एकाच कुळातले मानतात. म्हणजे बघा, जुन्या काळी व्यापाऱ्यांबरोबर रत्नं फिरली आणि रत्नांबरोबर शब्दही फिरले. गंमत म्हणजे इटालियन भाषेत 'आगाता' हे अकीक या खड्याचंही नाव आहे. तो शब्द वेगळ्या मुळाचा आहे, पण कानाला सारखाच लागतो. त्यामुळे आगाता स्मेराल्दा असं म्हटलं की चांगली आणि पाचूसारखी असा अर्थ होतो, आणि दोन रत्नांची नावं घेतल्यासारखंही वाटतं.

नाव इतकं मोलाचं, आणि मूल मात्र सोडून दिलेलं. हे कोडं सोडवायचं तर ५ फेब्रुवारी या तारखेकडे बघायला हवं.

ही तारीख संत आगाताची आहे. ख्रिस्ती लोकांत वर्षाचा जवळपास प्रत्येक दिवस कुठल्या ना कुठल्या संताच्या नावाने ओळखला जातो. ज्या दिवशी मूल जन्मलं किंवा त्याचा बाप्तिस्मा झाला, त्या दिवसाच्या संताचं नाव ठेवायची रीत युरोपभर होती. आपल्याकडे वसईत आणि गोव्यात ख्रिस्ती कुटुंबांत संतांची नावं ठेवतात, ती याच परंपरेतून आलेली.

संत आगाता कातानिया शहरातली. इसवी सन २५० च्या सुमारास रोमचा बादशहा होता डेशियस. त्याने हुकूम काढला की सगळ्यांनी राज्याच्या देवांना नैवेद्य दाखवायचा. ख्रिस्ती लोकांनी ते नाकारलं, त्यामुळे त्यांचे हाल झाले. त्या काळात आगाताचा मृत्यू झाला. तिची सविस्तर कथा नंतरच्या लोकांनी लिहिली, आणि ती अशी आहे. आगाता चांगल्या घरची तरुण मुलगी. क्विन्तियानस नावाच्या अधिकाऱ्याला ती हवी होती. तिने नकार दिला. त्याने तिला पकडलं, महिनाभर एका कुंटणखान्यात ठेवलं. ती बधली नाही. मग तिचा छळ केला आणि तिचे स्तन कापले. ती तुरुंगात मेली. तो दिवस ५ फेब्रुवारी २५१ असा मानतात.

ऐकताना अंगावर काटा येतो. पण ही कथा जितकी जुनी, तितकीच ओळखीची आहे. बाईने नाही म्हटलं आणि समोरच्याला ते सहन झालं नाही, हे आपण वर्तमानपत्रात आजही वाचतो. त्या अधिकाऱ्याचं नाव आज फक्त आगाताच्या कथेमुळे कुणाला माहीत असलं तर असतं. मुलींना ठेवलं गेलं ते आगाताचं नाव.

कातानियात दरवर्षी ३ ते ५ फेब्रुवारी असे तीन दिवस तिची मोठी जत्रा भरते. आपल्याकडे पालखी निघते, तशी तिथे आगाताची चांदीची मूर्ती रथात ठेवून शहरभर फिरवतात. पांढरे झगे घातलेले हजारो लोक दोर धरून तो रथ ओढतात. शहरातले वेगवेगळे व्यवसाय करणारे लोक आपापल्या संघाचे उंच, कोरीव लाकडी मेणबत्तीस्तंभ खांद्यावर घेऊन नाचवतात. त्या दिवसांत मिठाईच्या दुकानांत एक खास गोड पदार्थ मिळतो. आत मऊ ताज्या चीजचं गोड सारण, वरून पांढरी साखर आणि मधोमध एक लाल चेरी. आकार स्तनाचा. कुणाला तो खायला संकोच वाटत नाही, कारण सगळ्यांना त्यामागची कथा माहीत आहे.

चित्रांत आगाता कशी ओळखायची हेही सांगते. तिच्या हातात ताट असतं आणि ताटात तिचे दोन स्तन. स्पेनच्या सुर्बारान या चित्रकाराने १७ व्या शतकात काढलेलं असं एक चित्र प्रसिद्ध आहे. यामुळेच ती दूध पाजणाऱ्या बायांची आणि स्तनाचे आजार असलेल्या बायांची राखणदार मानली गेली. स्तनाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या कितीतरी बाया आजही तिला नवस बोलतात.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. श्रद्धा ज्याची त्याची. पण स्तनात गाठ हाताला लागली, कातडी आत ओढल्यासारखी झाली, बोंडातून रक्त किंवा पाणी आलं, तर दुखत नाही म्हणून गप्प बसू नका. सुरुवातीला ही गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही. आशाताईला सांगा, आरोग्य केंद्रात दाखवा. ज्या देशात आगाताचा रथ निघतो, तिथल्या बायाही नवस बोलतात आणि तपासणीही करून घेतात.

आगाताचं नाव घेऊन बायांनी आणखी एक मजेशीर प्रथा चालवली आहे, ती स्पेनमध्ये. सेगोव्हिया शहराजवळ सामार्रामाला नावाचं छोटं गाव आहे. तिथे संत आगेदाच्या सणाला गावाचा कारभार बायांच्या हाती येतो. निवडलेल्या बाया पारंपरिक पोशाख घालून अधिकाराची काठी हातात घेतात, गावात मिरवतात, नाचतात, आणि गवताचा एक बाप्या करून जाळतात. आपल्याकडे पंचायतीत अर्ध्या जागा बायांसाठी राखीव आहेत, आपला कारभार पाच वर्षं चालतो. त्यांच्याकडे मात्र कित्येक पिढ्या हा मान सणापुरताच होता. तरी तो दिवस आगाताचा आहे, हे विसरण्यासारखं नाही.

आता पुन्हा फ्लॉरेन्सला येऊ.

१५ व्या शतकातलं फ्लॉरेन्स फार श्रीमंत शहर होतं. लोकरीचं आणि रेशमाचं कापड, सावकारी, सोन्याची नाणी. पण त्या श्रीमंतीत मुलगी जन्मली की बापाच्या कपाळाला आठी पडायची, कारण हुंडा. हुंडा इतका वाढला होता की १४२५ साली शहराच्या सरकारने हुंड्यासाठी खास ठेव योजना काढली. मुलगी लहान असताना बापाने पैसे ठेवायचे, काही वर्षांनी ते वाढायचे, आणि लग्न झालं की ती रक्कम नवऱ्याला मिळायची. आपण मुलीच्या नावाने पोस्टात पैसे भरतो ते तिला मिळावे म्हणून. तिथे मुलीच्या नावाने ठेवलेले पैसे जावयाकडे जात.

ही योजना ज्यांच्या हाती पैसा होता त्यांची. गरिबाघरी काय? आणि ज्या बायांना घरच नव्हतं त्यांचं काय? त्या काळी फ्लॉरेन्सच्या श्रीमंत घरांत विकत आणलेल्या गुलाम बाया कामाला असत. त्यातल्या बऱ्याच जणी दूर काळ्या समुद्राच्या बाजूने पकडून आणलेल्या. मालकापासून त्यांना मुलं होत. त्या मुलांना बापाचं नाव क्वचितच मिळे. काही घरांत दुष्काळ, काही घरांत आई बाळंतपणात गेलेली. या सगळ्या कारणांनी मुलं टाकली जात, आणि त्यांत मुलांपेक्षा मुली जास्त असत.

या मुलांसाठी शहरातल्या रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने एक घर बांधायचं ठरवलं. प्रातो गावचा फ्रान्चेस्को दातिनी हा मोठा व्यापारी १४१० साली वारला. त्याने मृत्युपत्रात या कामासाठी १००० सोन्याची नाणी ठेवली होती. त्याच्या पत्नीला, मार्गेरीताला, मूल झालं नाही. घरातल्या गुलाम बाईपासून दातिनीला झालेली मुलगी जिनेव्रा, तिला मार्गेरीताने वाढवलं. म्हणजे ज्या मुलांसाठी पैसे ठेवले, त्यांची कहाणी दातिनीच्या स्वतःच्या घरातही होती.

१४१९ साली काम सुरू झालं. आराखडा केला ब्रुनेलेस्की या कारागिराने. फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चचा प्रचंड घुमट बांधला तोच हा. त्याने अनाथालयाला समोर लांब ओसरी दिली, नऊ कमानींची, कुणालाही येता येईल अशी. घराला नाव दिलं 'इन्नोचेन्ती', म्हणजे निष्पाप लेकरं. बायबलमध्ये हेरोद राजाने मारलेल्या बाळांची कथा आहे, त्या बाळांना निष्पाप म्हणतात. त्यांच्यावरून हे नाव. मुलं टाकणाऱ्याला लोक पापी म्हणत, पण या घराने मुलाला निष्पाप म्हटलं. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती.

घर उघडलं १४४५ च्या सुरुवातीला. आणि ५ फेब्रुवारीला पहिली मुलगी आली. त्या दिवशीच्या संताचं नाव तिला मिळालं, आगाता.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? कॅलेंडर बघितलं आणि नाव ठेवलं. पण त्या शहरात नाव ठेवण्याची आणखी एक रीत होती, ती कळली की विशेष काय ते कळतं. फ्लॉरेन्सच्या घरांत मूल जन्मलं की घरातल्या मेलेल्या माणसाचं नाव त्याला देत. आजी वारली असेल तर नातीला आजीचं नाव. याला ते लोक 'परत घडवणं' म्हणत. म्हणजे गेलेलं माणूस नावाच्या रूपाने घरात परत आलं. आपल्याकडेही आजीचं नाव नातीला देतात, बाराव्या दिवशी आत्या पाळण्यात नाव सांगते. म्हणजे नावासाठी आजी लागते, आत्या लागते, घर लागतं. आगाता स्मेराल्दाकडे यातलं काहीच नव्हतं. परत घडवायला तिच्या नावामागे पूर्वज नव्हता. म्हणून तिला त्या दिवसाचं नाव मिळालं, सगळ्या गावाच्या मालकीचं. ते निघालं 'चांगली'. आणि त्याच्या जोडीला पाचू.

ज्यांनी हे नाव वहीत लिहिलं ते व्यापारी संघाची माणसं होती. हिशेबाची सवय असलेली. मूल आलं की दिवस, वेळ, अंगावर कोणते कपडे, जवळ काही खूण आहे का, हे सगळं ते लिहून ठेवत. कारण कधी कधी आईबाप परत येत आणि मूल मागत. तेव्हा ओळख पटायला हवी. पुढच्या शतकांत आया मुलाच्या गळ्यात अर्धं नाणं किंवा अर्धं पदक बांधून पाठवत, दुसरा अर्धा तुकडा स्वतःकडे ठेवत. दोन तुकडे जुळले की मूल तिचं. आज त्या इमारतीत संग्रहालय आहे. तिथे लहान लहान खण आहेत, खणावर मुलाचं नाव, आणि उघडलं की आत अर्धी नाणी, अर्धी पदकं, मण्यांचे तुकडे. यांचा दुसरा अर्धा कधी आलाच नाही.

वहीतल्या तारखेबद्दलही एक सांगते. फ्लॉरेन्सचं नवीन वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं. आपला पाडवा चैत्रात येतो, तसाच काहीसा काळ. त्यामुळे तिथल्या जुन्या हिशेबाने फेब्रुवारी महिना अजून १४४४ मध्येच होता. आपण आज १४४५ म्हणतो ते जानेवारीपासून मोजून.

नाव तर मिळालं. पण नावाने पोट भरत नाही. तान्ह्या मुलाला दूध हवं. तेव्हा बाटली नव्हती, पावडर नव्हती. इथे या गोष्टीत खेड्यातल्या बाया येतात. अनाथालय मुलांना शहराबाहेरच्या गावांत दूधआयांकडे पाठवत असे. शेतकऱ्याच्या घरची बाई, जिचं स्वतःचं मूल अंगावर पीत असे किंवा जिचं मूल नुकतंच गेलेलं असे, ती या मुलाला पाजायची. तिला महिन्याला पगार ठरलेला असे. कुठलं मूल कुठल्या गावी, कुणाकडे, किती पैसे दिले, याच्याही वह्या आहेत. इतिहास लिहिणाऱ्यांना त्या काळच्या गरीब बायांची नावं जिथे सापडतात, अशा मोजक्या जागांपैकी ही एक. मजुरीच्या हिशेबात.

मैत्रिणींनो, ही बाजू गोड करून सांगण्यासारखी नाही. बरीच मुलं वर्षही पूर्ण करू शकली नाहीत. साथी होत्या, कुपोषण होतं, एकेका दूधआईवर ओझं होतं. चांगलं नाव ठेवलं म्हणून मूल जगलं असं झालं नाही. जी जगली ती दुधामुळे, कुणीतरी कडेवर घेतल्यामुळे. मोठ्या झालेल्या मुली परत त्या घरात येत, शिवण, विणकाम, रेशमाचं काम शिकत. काहींची लग्नं संस्था हुंडा देऊन लावून देई, काही घरकामाला जात.

आणखी एक गोष्ट या चांगल्या नावामागे लपलेली आहे, ती म्हणजे आडनाव. पहिलं नाव संतांचं, सुंदर. पण आडनाव? टाकलेल्या मुलांना आडनाव नसायचं, म्हणून संस्थेवरूनच आडनाव पडायचं. फ्लॉरेन्समध्ये इन्नोचेन्ती. दक्षिणेला नेपल्स शहरात एस्पोझितो, म्हणजे बाहेर ठेवलेला. रोममध्ये प्रोयेत्ती, म्हणजे टाकलेले. मिलानमध्ये कोलोम्बो, म्हणजे कबूतर, कारण तिथल्या इस्पितळाचं चिन्ह कबूतर होतं. आता विचार करा. मुलगी मोठी झाली, शहाणी झाली, कामाला लागली. कुणी विचारलं, तुझं पूर्ण नाव काय? तिने आडनाव सांगितलं की समोरच्याला लगेच कळणार, ही टाकलेली. पुढे तिच्या मुलांनाही तेच आडनाव. एस्पोझितो हे आज नेपल्समध्ये सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे. आता त्याची कुणाला लाज वाटत नाही. पण त्यासाठी कित्येक पिढ्या जाव्या लागल्या.

इटलीने हे कायद्यात घेतलं आहे. जन्ममृत्यूच्या नोंदणीचे २००० सालचे तिथले नियम आहेत. त्यांत लिहिलं आहे की मुलाला हास्यास्पद किंवा लाजिरवाणं नाव देता येणार नाही. आणि ज्या मुलाचे आईवडील माहीत नाहीत, त्याला त्याचा जन्म उघड करणारं नाव किंवा आडनाव देता येणार नाही. म्हणजे मूल कुठून आलं, हे त्याच्या नावात लिहून ठेवायचं नाही. साडेपाचशे वर्षांपूर्वी एका वहीत पहिलं नाव लिहिणाऱ्यांनी जे केलं, तेच आज नियमात आहे.

हे वाचताना मला नकुशी आठवल्या. तुम्हालाही आठवल्या असतील. मुलगा हवा होता, मुलगी झाली, म्हणून तिचं नावच नकुशी, नकोशी. शाळेच्या हजेरीत नकुशी, रेशनकार्डावर नकुशी. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींचं नव्याने बारसं झालं आणि त्यांना नवी नावं मिळाली. इथे गोष्ट उलटी आहे, ती नीट बघा. आगाताला घरच्यांनी ठेवलं नाही, पण परक्यांनी तिला 'चांगली' म्हटलं. नकुशीला घरच्यांनी ठेवलं, जेवू घातलं, वाढवलं, पण हाक मारताना रोज सांगितलं की तू नको होतीस. एकीला नाव मिळालं आणि घर नाही, दुसरीला घर मिळालं आणि नाव नाही. मुलीला दोन्ही लागतं.

शेवटी त्या घराबद्दल थोडं. इन्नोचेन्तीची इमारत आजही उभी आहे. कमानींच्या वर निळ्या गोल फरशा आहेत आणि प्रत्येकीवर दुपट्यात गुंडाळलेलं एक पांढरं बाळ. १४८७ च्या सुमारास आंद्रेआ देल्ला रोब्बिया या कारागिराने ती भाजलेल्या मातीत केली. रात्री गुपचूप मूल ठेवायची तिथली खिडकी १८७५ साली बंद झाली. पण ती संस्था आजही मुलांसाठी काम करते. फ्लॉरेन्समधली एक संस्था ब्राझील देशातल्या गरीब मुलांना मदत करते, तिने नाव घेतलं आहे आगाता स्मेराल्दा.

आणि आपल्याशी या घराचं एक नातं आहे. दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट अंगणवाडीत स्तनपान सप्ताह असतो. अंगणवाडीताई बाळंतिणींना बोलावतात, पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्या, सहा महिने फक्त आईचं दूध द्या, हे सांगतात. हा सप्ताह १ ऑगस्टलाच का सुरू होतो? कारण १ ऑगस्ट १९९० रोजी जगातल्या देशांच्या प्रतिनिधींनी आणि युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून आईच्या दुधाबद्दल एक जाहीरनामा केला. तो झाला फ्लॉरेन्समध्ये, याच इमारतीत. त्याला इन्नोचेन्ती जाहीरनामा असंच म्हणतात. ज्या दारात आगाता आली, जिथून मुलं दूधआयांच्या शोधात गावोगाव गेली, तिथेच ठरलं की प्रत्येक आईला आपल्या बाळाला पाजता यावं म्हणून सरकारांनी मदत करायची. आणि आगाता तर दूध पाजणाऱ्या बायांची राखणदार. इतक्या वर्षांनी नाव आणि काम एका ठिकाणी येऊन भेटलं.

म्हणून पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीने सांगायचं, माझं नाव कुणी ठेवलं, त्याचा अर्थ काय, आणि लग्नात बदललं असेल तर आधीचं कोणतं. बदललेल्या नावांच्या सख्यांनो, त्या दिवशी आधीचं नाव मोठ्याने घ्या, गटातल्या सगळ्यांनी त्या नावाने एकदा हाक मारा. आधारकार्ड, पासबुक आणि गटाची वही यांत तुमचं नाव एकसारखं आहे का, तेही त्याच वेळी बघून घ्या. कर्जाच्या फाइलमध्ये एका अक्षराने अडलेल्या बाया मी रोज बघते.

आणि तुमच्या गावात अजून कुणी नकुशी असेल, तर तिच्या नव्या बारशाचा खर्च फार नाही. गूळ, खोबरं, चार बाया आणि एक चांगलं नाव. शाळेच्या आणि जन्माच्या दाखल्यात ते नाव कसं लावायचं, याचे कागद ग्रामसेवकांकडे आणि मुख्याध्यापकांकडे विचारा. सोबत जायला कुणी नसेल तर गटाच्या दोघी जा.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.